मुठीतली शिष्यवृत्ती

तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, असं समजा. पडदा वर जातो आणि समोर दिसते बंगळूरच्या चामराजपेठेतली एक गल्ली. साल चोपन्न-पंचावन्नच्या आसपासचं. शनिवारची सकाळ. कौलांवरचं ऊन घसरत ओट्यांवर आलं आहे. डाव्या विंगेतून कॉफीच्या बिया भाजल्याचा वास येतो आहे, उजवीकडे कुणाचा तरी रेडिओ कन्नड बातम्या सांगतो आहे. आणि गल्लीच्या टोकाकडून अहल्याक्कांचा प्रवेश होतो. बुटकी, रुंद हाडाची बाई. फिकट नऊवारी, पायात पुरुषी वहाणा, खांद्यावर जाड कापडाची पिशवी. हाक मारत नाहीत. दाराची कडी दोनदा वाजवतात आणि पाठ करून उभ्या राहतात, घरातल्या बाईनं पिशवीत किती टाकलं ते दिसू नये म्हणून.

रंगमंचावर नुसतं येऊन उभं राहिल्यानं जागा भरून टाकणारी माणसं मी मोजकीच पाहिली. अक्का त्यातल्या एक होत्या, आणि जन्मात त्यांनी तोंडाला रंग लावला नव्हता.

माझी त्यांची गाठ पडली ती लुगड्यामुळे. आमचा हौशी मराठी नाट्यसंघ होता. शहाजीराजांच्या काळापासून इथे मुरलेल्या घरांतली आम्ही पोरं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. आमच्या घरच्या बायका नाटक बघायला येत, करायला येत नसत. म्हणून बायकांची कामं माझ्याकडे आली. चेहरा बरा होता, आवाज चालून गेला असता, पण नऊवारी नेसून खाली बसलो की मांडी उघडी पडायची आणि लोक हसायचे. कुणीतरी म्हणालं, अहल्याक्कांना विचार. त्या पोटासाठी शिवणकाम करत. माझ्याकडे आपादमस्तक पाहून म्हणाल्या, "नटीबाई, तुम्ही बसता कुठं? तुम्ही पडता. बाई बसते तेव्हा आधी तिचा हात जमिनीला लागतो." एवढ्या एका वाक्यावर मी पुढे कित्येक नाटकं निभावली. त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी जाऊ लागलो, आणि त्यांच्या पिशवीची गोष्ट मला कळली.

पिशवीत तांदूळ असत. घराघरातल्या बाईनं रोज सकाळी घरासाठी तांदूळ मोजून घ्यायचे आणि धुण्याआधी त्यातली एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. पोत्यातून वेगळी मूठ घ्यायची नाही, मोजलेल्यातलीच काढायची. म्हणजे त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाच्या पानात दोन घास कमी पडायचे. रेशनचे दिवस नुकते सरले होते आणि दोन घासांची किंमत सगळ्यांना ठाऊक होती. आठवड्याचे तांदूळ अक्का गोळा करत, ते गुंडोअण्णांच्या खानावळीला विकले जात आणि आलेल्या पैशांतून कॉलेजात जाणाऱ्या गरीब मुलांना महिन्याची शिष्यवृत्ती मिळे. 'विद्यार्थी निधी' असं त्याला नाव होतं. निवृत्त हेडमास्तर हयवदनराव अध्यक्ष, आणखी दोघं पुरुष सभासद आणि अक्का. सभेच्या दिवशी अक्का सगळ्यांना कॉफी देत आणि मग चटईवर बसून सगळ्यांत जास्त बोलत.

मी एकदा विचारलं, "अक्का, दोन-चार मोठी घरं गाठली तर हे दारोदार फिरणं वाचेल की."

त्या सुईत दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ वारानं जेवून शिकत होता."

वारानं जेवणं ही तेव्हाची जुनी रीत. गरीब विद्यार्थ्याला सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं, असे आठवड्याचे वार लावून दिलेले असत. "हुशार होता. त्याचं गुरुवारचं घर सुटलं. त्या लोकांची म्हैसूरला बदली झाली. तो कुणाला बोलला नाही. गुरुवारी नुसतं पाणी पिऊन वर्गात बसायचा. एकदा भोवळ येऊन पडला, पोरं हसली, आणि त्यानं कॉलेज सोडलं. पुढं जन्मभर दुकानात कापड फाडत बसला." दोरा ओवला गेला. "एका घरावर मूल टाकलं की ते त्या घराच्या मर्जीवर जगतं. शंभर घरांवर टाकलं तर दहा सुटली तरी त्याला कळतसुद्धा नाही."

शिष्यवृत्त्यांवरची मोठमोठी भाषणं मी पुढे ऐकली. देणग्या, ठेवी, व्याज, विश्वस्त. पण याहून शहाणं काही ऐकल्याचं आठवत नाही.

मुलं निवडायची पद्धतही न्यारीच. मार्क हयवदनराव बघत. मग अक्का त्या मुलाच्या घरी जात आणि एकच प्रश्न विचारत: "अभ्यासाला कुठं बसतोस?" उत्तर ऐकून थांबत नसत, ती जागा बघत. जिन्याखालची चटई, देवळाचा कट्टा, रस्त्यावरच्या दिव्याचा खांब. एकानं मोठ्या ऐटीत टेबल दाखवलं, तर अक्कांनी त्यावर बोट फिरवून धूळ त्याच्यापुढे धरली. आणि एकदा निवड झाली की नाव बाहेर फुटत नसे. मूठ देणाऱ्या बाईला मूल माहीत नाही, मुलाला बाई माहीत नाही. रस्त्यात समोरासमोर आली तरी दोघंही मान वर करून जायची.

साठ साली त्यांनी बघितलेली जागा होती गांधी बाजारातल्या फुलांच्या दुकानाची. दुकान कसलं, गोणपाटावर मांडलेल्या टोपल्या. त्यामागे तानूबाई बसायची. निपाणीकडची. नवरा इथल्या गिरणीत होता, तो गेल्यावर गावी न परतता तिनं फुलं विकली. तिची मुलगी कावेरी आईच्या पाठीला पाठ लावून बसे. मांडीवर पुस्तक, हातात सुई-दोरा. वाचता वाचता शेवंतीचे हार ओवी. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवला होता आणि सेंट्रल कॉलेजात एम.एस्सी.ला तिला जागा मिळाली होती. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज केला होता, पण ते पैसे वर्ष संपता संपता हातात येत. फी मात्र सुरुवातीलाच भरायची, पुस्तकं सुरुवातीलाच लागायची. मधला काळ ओलांडायला कुणीतरी फळी टाकायला हवी होती.

"अभ्यासाला इथंच?" अक्कांनी विचारलं.

"घरात उजेड न्हाई," कावेरी म्हणाली. "आणि हितं आईला एकटीला गिऱ्हाईक आवरत न्हाई."

तानूबाई फुलांवर पाणी शिंपत होती. "बाई, तिला किती शिकवायची अजून? लोक म्हणत्यात, पोरीची जात, कुठं ठेवणार एवढी विद्या."

"जिथं तू एवढी फुलं ठेवतेस तिथंच," अक्का म्हणाल्या, आणि चार आण्यांचा हार घेऊन आल्या.

हयवदनरावांनी मार्क पाहिले, मान हलवली. मुलीला तोंडी कळवलं गेलं. तिनं जागा पक्की केली. फी भरायची मुदत महिनाभर पुढे होती. आणि त्याच महिन्यात उमाकांतराव आले.

उमाकांतराव आमच्यातले सर्वांत यशस्वी गृहस्थ. सरकारी बांधकामांचे मक्ते घ्यायचे. जयनगर तेव्हा नवं वसत होतं, त्यातल्या निम्म्या भिंती त्यांच्या विटांच्या आहेत असं लोक म्हणायचे. ते सभेत आले आणि वडिलांच्या नावे निधीला इतकी मोठी रक्कम देऊ केली की तिच्या व्याजावर दरवर्षी दोन मुलं शिकतील. मूळ रकमेला हात लावायचा नाही. हयवदनरावांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर त्यांनी खडूच्या तुकड्यांची काटकसर केलेली.

"फक्त दोन गोष्टी," उमाकांतराव म्हणाले. "वडिलांनी ट्रस्टच्या कागदावर सही करून लिहून ठेवलंय, लाभ आपल्यातल्या मुलग्यांना व्हावा. ती अट मी बदलू शकत नाही. आणि दुसरी माझी. हे तांदूळ बंद करा."

अक्का चटईवरून म्हणाल्या, "का रे?"

"अक्का, घरी गरिबी होती तेव्हा मीही वारानं जेवलोय. सात घरं. एका घरी मागच्या पडवीत, भांडी घासायच्या दगडाशेजारी पान मांडायचे. दुसऱ्याच्या मुठीवर शिकलेला मुलगा जन्मभर मान खाली घालून चालतो. आपल्या मुलांना चेक मिळू दे. चेकला वास नसतो."

अक्कांचा आवाज मऊ झाला. "खरं आहे उमाकांत. म्हणून तर मी पाठ करून उभी राहते. पण ती फुलवाल्या तानूबाईची पोर? तिला शब्द दिलाय."

"ती आपल्यातली नाही. आणि मुलगा नाही."

"ती हुशार आहे."

"असेल अक्का. मी हुशारीबद्दल बोलत नाही, अटीबद्दल बोलतोय."

"तुझ्या वडिलांची अट तुझ्या पैशावर. तांदळावर नाही."

"तांदूळच राहणार नाहीत ना आता," हयवदनराव घसा खाकरून म्हणाले. "अहल्याबाई, जरा व्यवहार पाहा. एका मुलीसाठी दरसालची दोन मुलं घालवायची?"

मतदान झालं. तीन हात वर, एक हात मांडीवर. रक्कम स्वीकारली, तांदूळ बंद, निधीचा नवा नियम लागू. कावेरीचं नाव गळलं. मी त्या सभेला पाहुणा म्हणून बसलो होतो. अक्कांनी कपबश्या गोळा केल्या, विसळल्या आणि दोन दिवसांत निधीची पिशवी धुऊन वाळत घातली. मला वाटलं, प्रवेश संपला.

पण ठराव करणाऱ्या तिघांनी आयुष्यात कधी तांदूळ मोजून चुलीवर ठेवले नव्हते. तिथंच सगळं चुकलं.

पुढच्या शनिवारी अक्का घरोघर गेल्या, पिशवीशिवाय. आजपासून मूठ नको, एवढं सांगायला. पहिलं घर माझंच. माझी बायको सुलभा डबा घेऊन दारात आली आणि अक्कांच्या रिकाम्या खांद्याकडे पाहत राहिली.

"बंद म्हणजे? मी काढलेत की."

"मग परत टाक पोत्यात."

"छे! विद्यार्थ्यांच्या नावानं काढलेलं परत कसं टाकायचं? नैवेद्य दाखवून ताट परत फडताळात ठेवतात का? आणि अक्का, बंद केलं ते त्यांनी. माझा हात आपोआप जातो. मोजलं की जातो."

मी सोबत निघालो. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी म्हातारी म्हणाली, "चार दिवसांचे आहेत, घेऊन जा, नाहीतर किडे लागतील आणि पाप मला." काढलेली मूठ घरात शिजवायची नाही, ही रीत कुणी शिकवली नव्हती. सहा-सात वर्षांत ती आपोआप रुजली होती, जसं उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही हे कुणी न शिकवता कळतं. त्या गल्लीतून बाहेर पडेपर्यंत अक्कांच्या ओच्यात तांदूळ होते. घरी येऊन त्यांनी दोरीवरची पिशवी काढली आणि मला म्हणाल्या, "नटीबाई, स्वल्प, जरा चला माझ्याबरोबर. उमाकांतकडे जायचंय."

"भांडायला?"

"त्याच्या घरची मूठ राहिलीय."

उमाकांतरावांचा नवा बंगला जयनगरात. ते व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. अक्कांना पाहून उठले, खुर्ची पुढे केली. अक्का उभ्याच राहिल्या, नेहमीसारख्या दाराकडे पाठ करून. तेवढ्यात आतून त्यांची पत्नी राजलक्ष्मी आली. हातात पितळी डबा. नवऱ्याला पाहून थबकली, पण क्षणभरच. येऊन डबा पिशवीत रिकामा केला.

"हे काय?" उमाकांतराव म्हणाले.

"तांदूळ."

"ते दिसतंय. आपण बंद केलेत ना?"

"तुम्ही बंद केलेत. माझ्या हाताला कुणी कळवलं नाही."

"अगं, मी एवढी रक्कम दिली..."

"ती सासऱ्यांच्या नावाची. ही माझी आहे." मग जरा हळू म्हणाली, "तुम्हाला पडवीत पान मांडलं त्या घरातल्या बाईनं काय काढून ठेवलं असेल, तुम्हाला काय ठाऊक? तिला तुम्हाला माजघरात बसवायचं असेल. सासूनं बसवू दिलं नसेल."

उमाकांतराव वर्तमानपत्राची घडी घालत राहिले, उलगडत राहिले. शेवटी म्हणाले, "अक्का, ट्रस्टची अट मी बदलू शकत नाही. वडिलांची सही आहे."

"मी कुठं म्हणतेय बदल. तुझ्या व्याजावर दोन पोरं शिकू देत. बरीच शिकतील, तुझं नाव काढतील. ही एक माझ्या तांदळावर शिकेल. आडवा येऊ नकोस म्हणजे झालं."

"आडवा येत नाही."

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या, आणि वळल्या.

पण एका महिन्याच्या मुठींतून फी निघणार नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. वाटेत मिनर्व्हा सर्कलपाशी थांबून माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमच्या त्या नाटकाला लोक पैसे देऊन येतात म्हणे."

"कधीकधी."

"मग एकदा माझ्यासाठी पडा."

आम्ही नाटक बसवलं. तालमी शाळेच्या वर्गात, तिकिटं घरोघर. तिकीट कुणाला खपवायचं याची चिंताच नव्हती; शनिवारी पिशवीबरोबर अक्का तीही नेत. एका हातानं तांदूळ घ्यायचे, दुसऱ्या हातानं तिकीट द्यायचं. "नाटक बरं आहे का?" कुणी विचारलं तर सांगत, "नाटकाचं मला कळत नाही. खुर्च्या बऱ्या आहेत." मला हे ऐकून राग यायचा. आता वाटतं, इतकी प्रामाणिक जाहिरात आमच्या कुठल्याही प्रयोगाची झाली नसेल.

प्रयोगाच्या दिवशी पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. सभागृह भरलेलं. पुढच्या रांगांत सगळ्या मुठीवाल्या बायका. मागे तानूबाई. शेजारी कावेरी, केसांत आपल्याच टोपलीतली अबोली. हा खेळ कुणासाठी आहे हे कुणालाच सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. निधीत सोय झाली की कळवू, एवढंच तिला ठाऊक होतं. आणि दाराशी उमाकांतराव तिकिटाच्या टेबलापुढे उभे होते. अक्कांनी टेबलामागे बसवलेल्या हयवदनरावांनी उठून, "तुम्हाला तिकीट कशाला?" असं म्हटलं असावं, कारण उमाकांतरावांचा आवाज मला विंगेपर्यंत ऐकू आला.

"ट्रस्ट वडिलांचा, मास्तर. तिकीट माझं. दोन द्या, मागच्या रांगेतली."

त्यांनी त्या दोन तिकिटांचे किती दिले ते हयवदनरावांनी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अक्कांकडे पैसे मोजायला बसलो तेव्हा फी भरून पुस्तकंही येतील एवढे होते. हयवदनराव चष्मा पुसत म्हणाले, "अहल्याबाई, निधीच्या सभेत हे मांडायला हवं. तांदळाचं खातं पुन्हा उघडायचं तर रीतसर ठराव..."

"घाला की ठराव. मी कॉफी टाकते."

तेव्हापासून त्या निधीचे दोन भाग झाले. उमाकांतरावांच्या व्याजावर आमच्यातली मुलं शिकली. त्यांतला एक आज परदेशात मोठा शास्त्रज्ञ आहे आणि उमाकांतरावांच्या वडिलांचं नाव तो आदरानं घेतो. घ्यायलाच हवं. आणि तांदळावर शिकली ती कोण, कुठली, कोणत्या जातीची, हे माहीत असणारी एकच बाई होती, आणि ती सांगत नसे. कावेरीचं नाव मला माहीत आहे ते मी त्या सभेत होतो म्हणून, आणि आज लिहितो आहे ते तिनंच "लिहा" म्हटलं म्हणून.

एम.एस्सी.ला ती पहिल्या वर्गात आली. चौसष्ट साली बंगळूरचं वेगळं विद्यापीठ झालं, त्यानंतर वर्षभरात तिला संशोधनासाठी फेलोशिप मिळाली. ती सांगायला आली तेव्हा मी अक्कांकडेच होतो, नव्या नाटकासाठी चोळीचं माप द्यायला. तिचा गावाकडचा हेल गेला होता, पण अक्कांपुढे तो परत येई.

"फेलोशिप म्हणजे काय ग?"

"दर महिन्याला पैसे मिळत्यात अक्का. शिकायचंच, पण नोकरीसारखं."

"कोण देतं?"

"सरकार."

"सरकारला कोण देतं?"

कावेरी हसली. "लोकच की."

"त्यांना ठाऊक आहे का, तुला देतात ते?"

"न्हाई."

"मग ठीक आहे," अक्का म्हणाल्या आणि माझ्या खांद्याचं माप घेऊ लागल्या.

सदुसष्टच्या पावसाळ्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं. पोटाचं दुखणं होतं, आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. शनिवारची पिशवी सुलभा आणि राजलक्ष्मी आलटून पालटून नेऊ लागल्या. भेटायला माणसांची रीघ होती. मूठ देणाऱ्या बायका, आणि काही तरुण मुलं जी आपण कोण ते न सांगता पाया पडून जात. अक्का शेवटच्या दोन दिवसांत फारसं बोलत नव्हत्या. डोळे मिटलेले असत, ओठ कोरडे.

त्या दिवशी मी पायथ्याशी बसलो होतो. भर दुपारी कावेरी आली. तेव्हा ती संशोधन करता करता विद्यार्थ्यांना शिकवतही होती. हाताला खडू तसाच होता. ती उशाशी बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि रडू लागली. अक्कांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे. आवाज अगदी खाली गेला होता, पण शब्द नीट ऐकू आले.

"मुलं वर्गात बसलीत का ग तुझी? मग इथं काय करतेस? ऊठ, जा."